वेब सर्व्हिसमधून पाठवलेला हॅशमॅप समोर रिकामा का पोहोचतो?

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो, म्हणजे चुकत असेन तर इथेच सांगा. ऊस बिलांची माहिती बँकेला देणारी तुमची सर्व्हिस जावात, जॅक्स-डब्ल्यूएस या वेब सर्व्हिसच्या लायब्ररीवर लिहिलेली आहे. बँकेकडचा प्रोग्राम डॉटनेटमधला. एखादा आकडा, एखादं नाव पाठवलं तर सगळं सुरळीत चालतं. पण शेतकऱ्याचा कोड आणि त्याच्या बिलांची यादी अशा जोड्यांचा हॅशमॅप परत केला की समोर रिकामा ऑब्जेक्ट मिळतो. उलट बाजूने, त्यांनी भरलेली कर्जकपातीची रक्कम तुमच्याकडे नल, म्हणजे किंमतच नसलेली, होऊन येते, त्यांच्या डीबगरमध्ये मात्र ती ठळक दिसते. शेवटी वैतागून तुम्ही विचारलंय, की सगळं जेसन (माहिती मजकुरात लिहायची एक पद्धत) करून एकाच स्ट्रिंगमध्ये कोंबलं तर काय बिघडेल?

हे दोन वेगवेगळे बिघाड आहेत. दोन्ही दुरुस्त करायला एक दुपार पुरेल. पण दोघांचं मूळ एक आहे आणि ते तसंच राहिलं तर पुढच्या महिन्यात तिसरा बिघाड घेऊन तुम्ही परत याल. म्हणून उत्तर लांबलंय.

हॅशमॅपपासून सुरू करू. माझा अंदाज असा, की तुम्ही परतीचा प्रकार आधी नुसता मॅप लिहिला होता. सर्व्हिस चालू होताना जॅक्सबीने, म्हणजे जावाच्या ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणाऱ्या लायब्ररीने, तक्रार केली, की हा इंटरफेस आहे आणि मला इंटरफेस हाताळता येत नाही. मग तुम्ही मॅपच्या जागी हॅशमॅप केलं आणि एरर गेला. एरर गेला, पण बिघाड गेला नाही, तो फक्त गप्प झाला. जॅक्सबीच्या नजरेत हॅशमॅप हा इतर कुठल्याही क्लाससारखा एक क्लास. त्यात गेटर-सेटरची, म्हणजे किंमत वाचायच्या आणि भरायच्या मेथडची, जोडी असलेली फील्ड किती? एकही नाही. म्हणून स्कीमात, म्हणजे एक्सएमएल कसं दिसेल ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, हॅशमॅप नावाचा कॉम्प्लेक्स टाइप तयार होतो आणि त्याच्या आतला सिक्वेन्स रिकामा असतो. ब्राउझरमध्ये तुमच्या सर्व्हिसचा डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल) उघडा, त्यातून स्कीमाच्या दुव्यावर जा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तुम्ही बँकेला जो करार दिलाय त्यातच लिहिलंय, की या प्रकाराच्या पोटात काहीही नसतं. डॉटनेटने तो करार इमानेइतबारे पाळला.

एक बारकावा सांगून ठेवतो, कारण नाहीतर कोणीतरी येऊन म्हणेल की आमच्याकडे मॅप चालतो. स्वतःच्या क्लासमधलं एखादं फील्ड मॅप असेल तर जॅक्सबी त्यासाठी एंट्री, की, व्हॅल्यू अशी रचना बनवतो आणि माहिती पलीकडे जाते. पण डॉटनेटमध्ये त्याची डिक्शनरी होत नाही, एंट्रींचा ॲरे होतो. थेट परतीचा प्रकार म्हणून हॅशमॅप दिला की मात्र तुमच्यासारखी गत होते.

आता मूळ मुद्दा. तुमच्या डोक्यात असं चित्र आहे की माझा जावाचा ऑब्जेक्ट इथून निघतो आणि तिकडे डॉटनेटचा ऑब्जेक्ट होऊन उतरतो. तसं काही घडत नाही. बँकेत ऊस जात नाही, बिलाचा कागद जातो. शेतात किती फुटवे होते, गाडी काट्यावर किती तास रांगेत उभी होती, हे बँकेच्या कागदावर नसतं आणि नसावं. वेब सर्व्हिसमध्ये एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे जातो तो एक कागद, म्हणजे एक्सएमएलचा मजकूर. त्या कागदाचा नमुना कोणी ठरवला, हा खरा प्रश्न. तुमच्या बाबतीत तो कोणीच ठरवलेला नाही. तुम्ही क्लास लिहिला, टूलने त्यावरून कागद छापला, आणि समोरच्या टूलने त्या कागदावरून आपल्या मनाने दुसरा क्लास बनवला.

हा भ्रम तुमचा एकट्याचा नाही, अख्ख्या धंद्याचा होता. २००० साली आलेल्या सोप १.१ या वेब सर्व्हिसच्या संदेश-पद्धतीत ऑब्जेक्टचं जाळं जसंच्या तसं पाठवायची सोयच करून ठेवली होती. एकच ऑब्जेक्ट दोन ठिकाणी वापरला असेल तर त्याला आयडी द्यायचा आणि दुसऱ्या जागी नुसता त्याचा संदर्भ ठेवायचा. ॲरेसाठी त्यांची स्वतःची वेगळी पद्धत. कागदावर छान होतं. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीच्या टूलने त्याचा अर्थ थोडा वेगळा लावला आणि जावा-डॉटनेटची जोडणी म्हणजे डोकेदुखी झाली. शेवटी डब्ल्यूएस-आय या कंपन्यांच्या संघटनेच्या २००४ च्या बेसिक प्रोफाइल नियमावलीने ती एन्कोडेड पद्धत बंदच केली आणि लिटरल, म्हणजे स्कीमात लिहिलंय तेच आणि तेवढंच, असा नियम आणला. आज तुम्ही जे वापरता ते हेच. स्कीमात नसलेलं काहीही पलीकडे जात नाही.

म्हणून मी नेहमी कागद आधी बनवतो. कोड उघडायच्या आधी एका फाइलमध्ये खऱ्यासारखा दिसणारा एक नमुना हाताने लिहितो आणि समोरच्या टीमला पाठवतो. तुमच्यासाठी तो साधारण असा दिसेल:

<बिलपत्रक>
  <हंगाम>२०२३-२४</हंगाम>
  <शेतकरी>
    <कोड>००४५१२</कोड>
    <खातेक्रमांक>००१२३४५६७८९</खातेक्रमांक>
    <बिल>
      <पंधरवडा>३</पंधरवडा>
      <वजनटन>१४.३८५</वजनटन>
      <रक्कम>४३१५५.००</रक्कम>
      <कपात>
        <प्रकार>सोसायटी</प्रकार>
        <रक्कम>१२०००.००</रक्कम>
      </कपात>
    </बिल>
  </शेतकरी>
</बिलपत्रक>

टॅगची नावं देवनागरीत चालतात, एक्सएमएलची त्याला हरकत नाही. पण प्रत्यक्षात रोमनच ठेवा, समोरच्या टीमला टंकायची आहेत. अंक मात्र इंग्रजीच लागतील, तिथे पर्याय नाही: स्कीमाचा डेसिमल फक्त 0 ते 9 हे इंग्रजी अंक मानतो. गंमत म्हणजे मजकुराचा आकडा करणारं जावाचं पार्स-इंट देवनागरी १२३ निमूटपणे स्वीकारतं आणि डॉटनेटचं नाकारतं. मोबाइलवर मराठी कीबोर्डने भरलेल्या फॉर्ममधून हा प्रकार आमच्याकडे एकदा आला होता. जावाच्या टेस्ट सगळ्या हिरव्या, आणि बँकेच्या बाजूला एरर.

हा नमुना बघा आणि तुमच्या मॅपचं काय झालं ते बघा. मॅप नाहीसा झाला. त्याच्या जागी शेतकऱ्यांची यादी आली आणि कोड हे शेतकऱ्याच्या आतलं एक साधं फील्ड झालं. मॅप ही तुमच्या मेमरीतली सोय आहे, पटकन शोधता यावं म्हणून. समोरच्याला हवी असेल तर त्याने यादीवरून स्वतःची डिक्शनरी बनवावी, दोन ओळींचं काम आहे. जावात यासाठी चार छोटे क्लास लागतील, फक्त फील्ड आणि गेटर-सेटर, आणि तुमच्या डेटाबेसच्या एंटिटी क्लासमधून त्यात माहिती भरणारा एक मॅपर. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण एंटिटी क्लास थेट बाहेर पाठवू नका. शेतकऱ्यात बिलं आणि प्रत्येक बिलात परत शेतकरी असं चक्र तुमच्याकडे असणारच, आणि त्यावर जॅक्सबी चक्र सापडल्याचं सांगून थांबतो. जेसनवाल्या लायब्ररीत तेच स्टॅक ओव्हरफ्लो होऊन बाहेर येतं. त्याशिवाय उद्या कोणी टेबलमध्ये एक कॉलम वाढवला तर तुमचा बँकेशी असलेला करार कोणालाही न विचारता बदलतो.

आता दुसरा बिघाड, नल होणारी कपात. इथे बँकेचा प्रोग्रामर खोटं बोलत नाहीये. तुमच्या क्लासमध्ये कपातीची रक्कम बिगडेसिमल, म्हणजे जावाच्या अचूक दशांशाच्या प्रकारात, आहे ना? जॅक्सबी अशा फील्डला मुळात ऐच्छिक धरतो आणि स्कीमात मिन-ऑकर्स (कमीत कमी किती वेळा यायला हवं) शून्य लिहितो. डॉटनेटमध्ये डेसिमल हा व्हॅल्यू टाइप, तो नल असू शकत नाही. मग आकडा भरलाय की नाही हे कळणार कसं? म्हणून त्यांचं टूल प्रॉक्सीमध्ये, म्हणजे करारावरून आपोआप बनवलेल्या क्लासमध्ये, त्या फील्डशेजारी आणखी एक ट्रू-फॉल्स फील्ड बनवतं, नावाच्या शेवटी स्पेसिफाइड लावून. ते ट्रू केलं नाही तर रक्कम कितीही भरा, एक्सएमएलमध्ये तो टॅग जातच नाही. डीबगरमध्ये बारा हजार, कागदावर काही नाही. यावर मी स्वतः एकदा सलग दोन दिवस घालवले आहेत, समोरच्यावर ओरडण्यात.

उपाय दोन. रक्कम सक्तीचीच असेल तर जावात त्या फील्डवर रिक्वायर्ड ट्रू लिहा. स्कीमा बदलेल, आणि बँकेने प्रॉक्सी पुन्हा बनवली की ते स्पेसिफाइड फील्ड गायब होईल. पण नुसतं रिक्वायर्ड लिहिल्याने जावा येणारा अर्धवट कागद अडवत नाही, त्यासाठी स्कीमा व्हॅलिडेशन वेगळं चालू करावं लागतं. चाचणीत ते चालू ठेवाच. प्रत्यक्ष वापरात ठेवायचं का, हे कागद किती मोठे आणि किती येतात यावर ठरवा. दुसरा उपाय म्हणजे ते ऐच्छिकच ठेवायचं आणि बँकेला स्पेसिफाइडची माहिती लेखी द्यायची.

कुठला उपाय निवडायचा हे टूल सांगणार नाही, ऊस बिलाचा व्यवहार सांगेल. कपात शून्य आहे, कपात लागूच नाही, आणि कपात अजून सोसायटीकडून कळलेली नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरीला पहिली समजून पूर्ण रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात गेली, तर सोसायटीचा सचिव दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या टेबलापुढे उभा असेल. मी अशा ठिकाणी नलवर अर्थ लादत नाही, स्थिती सांगणारं वेगळं फील्ड ठेवतो. आणि एक लक्षात ठेवाच: एकाच फील्डला ऐच्छिक आणि निलेबल (टॅग असून किंमत नसलेलं चालणारं) दोन्ही करू नका. जावात त्याचं जॅक्सबी-एलिमेंट नावाचं वेष्टन होतं आणि प्रत्येक किंमत काढताना ते सोलत बसावं लागतं.

याद्यांचंही असंच. जॅक्सबीमध्ये साध्या यादीचं नल आणि रिकामी यादी दोन्ही कागदावर सारखेच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. फरक राखायचा असेल तर यादीभोवती वेगळा टॅग लावून घ्या. उद्या पीएचपीचा ग्राहक आला तर त्याची वेगळीच तऱ्हा: यादीत दोन बिलं असली की ॲरे, एकच असलं की ॲरे नाही, सरळ ऑब्जेक्ट. त्यांच्या सोप क्लायंटमध्ये यासाठी एक सेटिंग आहे, पण बहुतेकांना ते लूप फुटल्यावरच कळतं. म्हणून चाचणीत शून्य, एक आणि दोन बिलांचे शेतकरी हवेतच.

तारखांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे माझे हात पोळले आहेत. एका पतसंस्थेच्या कामात ठेवीची तारीख आम्ही जावाच्या युटिल-डेट प्रकारात पाठवत होतो. जॅक्सबी त्याचा डेट-टाइम करतो, म्हणजे तारखेबरोबर वेळ आणि टाइमझोन. आमच्याकडे १ एप्रिल, रात्रीचे ००:०० वाजलेले. समोरचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून त्याच्या घड्याळात तेव्हा ३१ मार्चचे १८:३०. त्याने वेळ कापून तारीख ठेवली, आणि ठेवी आदल्या आर्थिक वर्षात जाऊन बसल्या. वर्षभर एखादा दिवस इकडे-तिकडे झाला तर कोणी बघत नाही, पण ३१ मार्चला सगळे बघतात. तेव्हापासून बिलाची तारीख ही नुसती तारीख असेल तर स्कीमातही नुसता डेट प्रकार ठेवतो, टाइमझोनशिवाय. जावात लोकल-डेट वापरतो आणि त्यासाठी लागणारा छोटा अडॅप्टर लिहितो. काट्यावर गाडी आली तो क्षण मात्र खरोखर क्षण आहे, तिथे वेळ आणि +०५:३० दोन्ही हवेत.

पैसे आणि वजन डबल या दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात ठेवू नका, एवढं तुम्हाला माहीत असेलच. स्कीमात डेसिमल घ्या आणि दशांश स्थळंही लिहा: टनाला तीन, रुपयाला दोन. खाते क्रमांक, शेतकरी कोड यांना अंक समजू नका. ज्यांची बेरीज कधी करणार नाही ते स्ट्रिंग. नाहीतर ००४५१२ चा ४५१२ होतो.

गाड्यांचं वर्गीकरण तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलंय: वाहन हा मूळ क्लास आणि त्याखाली ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी. जावात हे देखणं दिसतं. कागदावर मात्र प्रत्येक वाहनाला तू नेमका कोण हे सांगणारा टाइपचा शिक्का लावावा लागतो, उपप्रकारांची यादी जॅक्सबीच्या सी-ऑल्सो नावाच्या खुणेत आधी जाहीर करावी लागते, आणि नवा उपप्रकार आला की जुनी प्रॉक्सी तो ओळखत नाही. बँकेला वाहन कशाला हवंय, हा पहिला प्रश्न. हवंच असेल तर वाहनप्रकार नावाचं एक फील्ड आणि ट्रॉलींची यादी पुरे. ट्रॅक्टरला दोन, ट्रकला शून्य. तो प्रकार एनममध्ये, म्हणजे ठरावीक किंमतींच्या बंद यादीत, बांधायचा की साधी स्ट्रिंग ठेवायची, याबाबत मतभेद आहेत. यादी वर्षानुवर्षं बदलणार नसेल तर एनम. पण दर हंगामात रस्त्यावर नवीन जुगाड दिसत असेल तर स्ट्रिंग, कारण एनममध्ये वाढवलेली एक किंमत जुन्या डॉटनेट क्लायंटला अख्खा कागद नाकारायला लावू शकते.

नावांबद्दल एक मराठी अडचण. कऱ्हाड हा शब्द युनिकोडमध्ये सहा अक्षरचिन्हांचा, पण यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइटचा. स्कीमातली कमाल लांबी चिन्हं मोजते, समोरचा डेटाबेस कदाचित बाइट मोजतो. शिवाय त्यातला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो, एकच चिन्ह म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून. दिसायला सारखाच, तुलना केली की वेगळा. पाठवण्याआधी एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळीकडे एकच ठरावीक रूप, करा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सगळं जेसन करून एका स्ट्रिंगमध्ये. चालेल का? चालेल. दोन दिवसांत सगळे खूश होतील. मी तरी करणार नाही, कारण मग करारात एवढंच उरतं की एक स्ट्रिंग येते. आत काय आहे ते ना स्कीमा तपासत, ना टूल क्लास बनवून देत; तारखा, नल, दशांश सगळ्यांचे तंटे तसेच राहतात, फक्त ते कुठेच लिहिलेले नसतात. अपवाद एकच मला पटतो: आतल्या माहितीचा आकारच दर वेळी वेगळा असेल, उदाहरणार्थ ग्राहकाने स्वतः बनवलेले फॉर्म. तुमचं बिल तसं नाही.

दोन्ही टोकं तुमच्या हातात असती तर मी सोप सोडून सरळ जेसनवर, रेस्ट पद्धतीने या म्हणालो असतो, ओपन-एपीआय या करार लिहायच्या नमुन्यात करार लिहून. पण बँक सोप मागते आहे तर वाद घालू नका. आणि जेसनमध्ये गेल्याने यातलं काही सुटतं असं समजू नका. जेसनला तारीख हा प्रकारच नाही, आणि जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचा प्रत्येक पूर्णांक अचूक धरू शकत नाही. ट्विटरला २०१० मध्ये प्रत्येक ट्विटचा आयडी आकडा म्हणून आणि शिवाय स्ट्रिंग म्हणून असा दोनदा पाठवावा लागला तो याचसाठी.

तर उद्या सकाळी या क्रमाने करा. हॅशमॅप काढून बिलपत्रक, शेतकरी, बिल आणि कपात हे क्लास लिहा. सक्तीची फील्ड ठरवून रिक्वायर्ड करा. डब्ल्यूएसडीएलमधला स्कीमा नमुन्याशी ताडून बघा, टॅगच्या क्रमासकट, कारण क्रम चुकला तर डॉटनेटचा डेटा-कॉन्ट्रॅक्ट सीरियलायझर तक्रार न करता फील्ड नल ठेवतो. मग बँकेला प्रॉक्सी पुन्हा बनवायला सांगा. जावा ११ किंवा पुढचं वापरत असाल तर जॅक्सबी जेडीके या जावाच्या मूळ संचातून काढलेला आहे, लायब्ररी वेगळी जोडावी लागेल.

इतकं करूनही कपात नल आली, तर दोन्हीकडचा कोड इथे टाकू नका, त्यातून काही कळणार नाही. सोप-यूआय या चाचणीच्या टूलमध्ये किंवा सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्यक्ष गेलेला आणि आलेला एक्सएमएल पकडा आणि तो टाका, खाते क्रमांक झाकून.